सरळ पाइप

१ एप्रिल २०१० पासून देशातल्या तेरा शहरांत नव्या चारचाकी गाड्यांना धुराचे बीएस-४ (भारत स्टेज-४) नियम लागू झाले. दिल्ली आणि तिचा परिसर, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, सुरत, कानपूर, आग्रा, लखनौ आणि तेरावे सोलापूर. सोलापूरचे नाव त्या यादीत उगाच आलेले नव्हते. एम. सी. मेहता यांनी १९८५ साली दाखल केलेल्या याचिकेतून दिल्लीच्या हवेचा जो खटला वर्षानुवर्षे चालला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिल्लीइतकीच धुळीने भरलेली हवा असलेल्या शहरांची नावे घेतली आणि त्यांत सोलापूर होते. चादरी, विडी आणि शेंगाचटणीचे हे शहर हवेच्या बाबतीत एकदम महानगरांच्या पंगतीला जाऊन बसले.

पंढरपूर तिथून सत्तरेक किलोमीटरवर. तिथे ही यादी पोचली नाही. सोलापूर शहराच्या पत्त्यावर नवी पिकअप घेतली तर ती बीएस-४ लागे. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या पत्त्यावर बीएस-३ चालत असे. बाहेरून दोन्हींत फारसा फरक नाही. मात्र एकीच्या सायलेन्सरकडून जगाच्या जास्त अपेक्षा होत्या. त्यातून आणखी एक गुंता झाला. बीएस-४ गाडीसाठी डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएमच्या वर असू नये असे ठरलेले होते. शहराबाहेरच्या पंपांवर मात्र बीएस-३ चे, ३५० पीपीएमपर्यंत गंधक असलेले डिझेल मिळत होते. शहराच्या नोंदणीची गाडी दुधाचे कॅन आणायला तालुक्यात गेली, तिथेच टाकी भरली, की तिच्या पोटाखालच्या महागड्या यंत्राला नको तेच अन्न मिळाले. देशभर सगळीकडे बीएस-४ इंधन आणि बीएस-४ गाड्या सक्तीच्या झाल्या त्या १ एप्रिल २०१७ पासून. म्हणजे सात वर्षे हा उंबरठा सोलापूर जिल्ह्याच्या मधोमध होता.

त्या सात वर्षांत आणि त्याआधी रस्त्यावर आलेल्या पिकअप आज पंढरपूर तालुक्यात राबताहेत. या लेखाचा विषय त्यांच्या सायलेन्सरमधला एक डबा आहे. मोटारीच्या पुस्तकात त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, गॅरेजात ‘कॅट’ किंवा नुसती ‘जाळी’. जुन्या गाडीची तक्रार आली की पहिला कटर या डब्यावर चालतो, आणि त्याच्या जागी सरळ पाइप वेल्ड होतो.

पंढरपूरला पिकअपशिवाय एक दिवस जात नाही. कासेगावच्या बागांतली द्राक्षे, सांगोल्याकडची डाळिंबे, बाजार समितीत येणारा बेदाणा, संकलन केंद्रावर जाणारे दूध, देवळाभोवतीच्या दुकानांतले चुरमुरे, बुक्का, कुंकू, अगरबत्ती, सगळे यांच्यावरच. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगांतून वाट काढत या गाड्या मजुरांचे सामान आणि सरपण वाहतात. आषाढी-कार्तिकीला त्यांचे दुसरे रूप दिसते. दिंडीमागे ट्रक असतो तसा टेम्पो किंवा पिकअप असतो. तीत राहुट्यांचे बांबू, ताडपत्र्या, शेगड्या, सिलिंडर, पाण्याच्या टाक्या आणि पायाला फोड आलेली एखादी म्हातारी. २००५ साली टाटांचा ‘छोटा हत्ती’ आला आणि पूर्वी ज्याला ट्रक परवडत नव्हता असा माणूसही वाहतुकीच्या धंद्यात उतरला. बोलेरो पिकअपने त्याहून जड ओझे उचलले. दहा-पंधरा वर्षांची गाडी इथे म्हातारी समजत नाहीत. तिचे कर्ज फिटलेले असते. खरी कमाई तिथून पुढे सुरू होते.

आणि तिथूनच तक्रारही सुरू होते. ‘गाडी वढत नाय.’ चढाला मरते, चौथ्या गियरवर उचलत नाही, डिझेल जास्त खाते, टर्बोची शिट्टी पूर्वीसारखी येत नाही. मिस्त्री पाइपमागे हात धरून बघतो, हवा जोर करत नाही. ‘सायलेन्सर चोक झालाय मालक. जाळी काढून टाकू, सरळ पाइप मारू.’ मालक विचारतो, नवी केवढ्याला? तो आकडा ऐकला की पुढची चर्चा संपते. कटर लागतो, पाइप लागतो, गॅस वेल्डिंग होते, आणि गाडी खरोखरच मोकळी पळायला लागते. ड्रायव्हर टेंभुर्णी रस्त्याला एक चक्कर मारून येतो आणि खूश होतो. त्या आनंदाला मी खोटे म्हणणार नाही. कोंडलेला धूर मोकळा झाला की इंजिनाला श्वास मिळतो, हे यंत्रशास्त्राला धरूनच आहे.

पण जाळी कोंदली का, हा प्रश्न त्या गॅरेजात विचारला गेलेला नसतो. माझे सगळे म्हणणे या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी डबा काय करतो ते. तो कापून उघडला तर आत चिनी मातीसारखी दिसणारी एक वीट निघते. कॉर्डिएराइट नावाच्या, उष्णतेने फारशी न फुगणाऱ्या पदार्थाची ही वीट. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आरपार बारीक नळ्यांनी भरलेली, एका चौरस इंचात सुमारे चारशे नळ्या. नळ्यांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खरबरीत थर आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे कण, सगळे मिळून काही ग्रॅमच. इंजिनातून येणारा अर्धवट जळलेला वायू या भिंतींना घासत जातो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. धातू स्वतः खर्च होत नाही. फक्त त्याला गरम व्हावे लागते. साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसला तो जागा होतो. त्याखाली डबा आहे काय आणि नाही काय, सारखेच.

पेट्रोलच्या गाडीत तो आणखी एक काम करतो, नायट्रोजनची ऑक्साइडे मोडतो. त्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे वजनाचे प्रमाण १४.७ला १ असे नेमके राखावे लागते, म्हणून पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. डिझेलचे इंजिन नेहमीच जास्त हवेवर चालते, त्यामुळे त्याच्या जाळीला हे तिसरे काम जमत नाही. जुन्या पिकअपची जाळी फक्त जाळण्याचे काम करते: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, आणि काजळीच्या कणांना चिकटलेले तेलकट विष. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी ईजीआर नावाची वेगळी झडप असते, जिच्यावर गॅरेजात पत्रा मारून ती बंद केली जाते. म्हणजे बऱ्याचदा एकाच दिवशी, एकाच बिलात, गाडीचे दोन्ही पहारे उठतात.

ही कल्पना कुणाच्या डोक्यातून आली ते सांगायला हवे, कारण तो माणूस तेलधंद्यातलाच होता. यूजीन हूड्री हा फ्रेंच अभियंता. कच्च्या तेलापासून उत्प्रेरकाच्या मदतीने चांगले पेट्रोल काढण्याची पद्धत त्याने उभी केली, १९३० साली तो अमेरिकेला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांतल्या धुराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या आकड्यांनी तो अस्वस्थ झाला. ज्या पेट्रोलवर त्याचे नाव झाले होते त्याच्या धुरासाठी त्याने उत्प्रेरकाचा डबा बनवला. १९५६ साली त्याचे पेटंट मिळाले. तो मोटारींना लागला नाही, कारण त्या वेळच्या पेट्रोलमध्ये शिसे होते आणि शिशाचा थर बसला की धातू निकामी होतो. हूड्री १९६२ मध्ये गेला. अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा झाला, कॉर्निंग कंपनीच्या तीन संशोधकांनी ती नळ्यांची वीट तयार केली, पंपावर बिनशिशाचे पेट्रोल आले, आणि १९७५ च्या गाड्यांवर हा डबा सरसकट दिसू लागला.

आपल्याकडे तो २० वर्षांनी पोचला. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि त्याच शहरांच्या पंपांवर बिनशिशाचे पेट्रोल आले. मुंबईची गाडी पंढरीला देवदर्शनाला आली आणि इथल्या पंपावर पेट्रोल भरले, तर एकादशीच्या पुण्याबरोबर शिशाचाही थर घेऊन परतायची. देशभर बिनशिशाचे पेट्रोल झाले फेब्रुवारी २००० मध्ये. डिझेलच्या हलक्या गाड्यांवर जाळी रुळली ती त्यानंतरच्या टप्प्यांत. दोन्ही वेळेला चूक तीच झाली. यंत्र आधी आले, त्याला मानवणारे इंधन सगळीकडे नंतर पोचले, आणि मधल्या काळात जे यंत्र बिघडले त्याचा दोष यंत्राच्याच माथी बसला. ‘असल्या जाळ्या आपल्याकडं चालत नाहीत’ हे वाक्य गॅरेजात इतक्या खात्रीने बोलले जाते, त्याची मुळे इथे आहेत. मिस्त्री अडाणीपणाने बोलत नाही. त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

आता प्रश्नाकडे. जाळी कोंदते कशी?

चांगले इंजिन, चांगले इंधन आणि पुरेशी लांब धाव असेल तर जुन्या डिझेलची जाळी लाखो किलोमीटर कोंदत नाही. तिच्या नळ्या दोन्ही टोकांना उघड्या असतात, काजळी साठवणे हे तिचे काम नाही. ती कोंदली याचा अर्थ वरून काहीतरी भलते येत आहे. इंजिन ऑइल पीत असेल, म्हणजे रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्हचे सील गेले असतील किंवा टर्बोच्या शाफ्टमधून ऑइल गळत असेल, तर त्या ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त राख होऊन जाळीच्या तोंडावर बसतात. नोझल बारीक फवारा न मारता थेंब सोडत असेल तर न जळलेले डिझेल आणि काजळी लगद्यासारखी चिकटते. एअर फिल्टर धुळीने भरला असेल तर धूर दाट होतो. पंढरपूरच्या उन्हाळ्यात, रस्त्याची कामे चालू असताना, फिल्टर किती लवकर भरतो हे इथल्या कोणत्याही ड्रायव्हरला विचारावे. पेट्रोलच्या गाडीत प्लग चुकत असेल तर कच्चे पेट्रोल थेट विटेत जाऊन तिथे पेटते, आणि वीट वितळून गोळा होते.

म्हणजे कोंदलेली जाळी हा आजारी इंजिनाचा पुरावा आहे. ती कापून फेकली की पुरावा जातो, आजार राहतो. गाडी मोकळी पळते म्हणून मालक नोझल तपासत नाही, टर्बो उघडत नाही. ऑइल पिणे चालूच राहते, आता ते सरळ पाइपातून मागच्याच्या तोंडावर जाते. वर्ष-दीड वर्षाने ‘इंजिन कामाला आलं’ असे निदान होते तेव्हा जाळीची आठवणही कुणाला राहिलेली नसते. जाळी कापून वाचवलेले पैसे इंजिनाच्या कामात किती पटींनी गेले याचा हिशोब कुणीच मांडत नाही, आणि मला सर्वांत जास्त वाईट याचे वाटते, कारण तो भुर्दंड नेमका त्या माणसाला बसतो ज्याला तो परवडत नाही.

हळू चालण्याचाही त्रास आहे. आषाढीला पालख्या वाखरीला एकत्र येतात, तिथून पंढरपूर पाच-सात किलोमीटर. त्या अंतरात आणि आधीच्या मुक्कामांभोवती गाड्या चालतात त्या पायी चालणाऱ्या माणसांच्या वेगाने, थांबत, इंजिन चालूच ठेवून. धूर गार राहतो, जाळी जागी होत नाही, काजळी जमत जाते. जुन्या पिकअपला हे त्यातल्या त्यात निभावते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचे तसे नाही. त्यांच्यात जाळीच्या पुढे डीपीएफ नावाचा काजळीचा फिल्टर असतो, त्याच्या नळ्या आळीपाळीने एका टोकाला बंद असतात, म्हणजे काजळी अडवणे हेच त्याचे काम. अडवलेली काजळी जाळायला सुमारे सहाशे अंश तापमान लागते, आणि ते साधायला गाडी काही वेळ सलग जोरात चालावी लागते. तसे झाले नाही की डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी आपला जोर स्वतःच कमी करून घेते आणि ड्रायव्हर घाबरतो. बहुतेक वेळा उपाय इतकाच असतो की नव्या पालखी मार्गावर किंवा मोहोळच्या रस्त्याला अर्धा तास एका वेगाने गाडी पळवावी. हे सांगणारे कुणी भेटले नाही तर तो गॅरेज गाठतो आणि तिथे जुन्या गाड्यांवर बसलेला हात नव्या गाडीवर चालतो. जुन्या पिकअपच्या सवयीची ही किंमत पुढच्या पिढीच्या गाड्यांना मोजावी लागणार आहे.

पण कुणी पकडत नाही का? पीयूसी असते ना?

इथे मला जरा थांबायचे आहे, कारण या सगळ्या गोष्टीतली सर्वांत मोठी फट पीयूसी केंद्राच्या त्या छोट्या टपरीत आहे. पेट्रोलची गाडी आली की मशीन तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा कडक आहे, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, हायड्रोकार्बन २०० पीपीएम. जाळी काढलेली गाडी या चाचणीत सहसा सापडते. डिझेलची गाडी आली की मात्र मशीन एकच गोष्ट मोजते: धूर किती दाट आहे. पाइपात नळी घालतात, अ‍ॅक्सिलरेटर दाबतात, आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते वाचतात. बीएस-४ पूर्वीच्या डिझेलला या दाटपणाची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके, बीएस-४ ला ५०. कार्बन मोनॉक्साइड मोजत नाहीत, हायड्रोकार्बन मोजत नाहीत, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत.

जुन्या पिकअपची जाळी जे काढून टाकते त्यातले बहुतेक डोळ्यांना दिसतच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. काळी काजळी ती फारशी अडवत नव्हतीच. त्यामुळे जाळी काढल्यावर धूर होता तेवढाच काळा दिसतो, मशीनवरचा आकडा जवळपास तोच येतो, मालकाच्या हातात वैध प्रमाणपत्र पडते आणि त्याला प्रामाणिकपणे वाटते की काहीच बिघडले नाही. फरक कळतो तो फक्त नाकाला आणि डोळ्यांना. मागे उभे राहिले तर धूर जास्त झोंबतो, डोळ्यांत पाणी येते. त्या झोंबण्याचे प्रमाणपत्र कुठे मिळत नाही. म्हणून या व्यवहारात मी मिस्त्रीला पहिला आरोपी करत नाही. ज्या चाचणीने त्याला पकडायचे ती त्या दिशेला पाहतच नाही.

चाचणी कशाला पाहते त्यावर गाडी कशी वागेल हे ठरते, हे मोठ्यांनाही माहीत होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली. डिझेल गाड्यांच्या संगणकाला चाचणी ओळखता येत होती आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करता येत होता. त्या वर्षाच्या अखेरीस भारतातल्या तीन लाखांवर गाड्या परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले, त्याआधी पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने इथल्या गाड्या तपासल्या होत्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५०० कोटींचा दंड केला. आणि डबा कापणे ही काही गरीब देशांची खोड नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोव्हेंबर २०२० च्या अहवालात हिशोब मांडला की आधीच्या दहाएक वर्षांत तिकडे साडेपाच लाखांवर डिझेल पिकअपची धूरनियंत्रक यंत्रे काढली गेली. तिथे ती काढतात जास्त ताकदीच्या हौसेने. पंढरपूरला काढतात ती हप्ता, भाडे आणि डिझेल यांची तोंडमिळवणी करताना. दोघांना एका तराजूत घालणे मला अन्यायाचे वाटते. धूर मात्र दोघांचाही सारखाच विषारी.

कायद्याने हे चालत नाही, ते थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मालकाने परवानगीशिवाय बदल करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हवा प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन निलंबित. कागदावर पुरेसे आहे. फक्त ‘एमएच-१३’ आणि ‘एमएच-४५’ च्या किती पिकअपखाली कुणी वाकून पाहिले, हा प्रश्न उरतो. जाळी आहे की सरळ पाइप, हे कळायला मशीन लागत नाही, टॉर्च लागतो.

कापलेली जाळी जाते कुठे? याचे उत्तर गेल्या काही वर्षांत पोलीस ठाण्यांच्या नोंदींतून मिळू लागले. मार्च २०२१ मध्ये जागतिक बाजारात ऱ्होडियमचा एक औंस २९ हजार डॉलरच्या घरात गेला. वर्षभराने पॅलेडियमने तीन हजार डॉलर ओलांडले. त्याच सुमाराला गुजरातेत आणि महाराष्ट्रात मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीत चोरीला जाऊ लागले. ईको पेट्रोलची, तिच्या खाली सरकायला जागा, चार बोल्ट खोलले की डबा हातात. टोळ्या पकडल्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘सायलेन्सरमधली माती’ असे मथळे दिले, कारण चोर वीट कुटून तिची पूड पोत्यातून विकत होते. भाव पुढे उतरले, तरी भंगारवाल्याला एव्हाना कळून चुकले होते की हा डबा लोखंडाच्या भावाने घ्यायचा नसतो. मालकाला ते अजून कळलेले नसते. जाळी ‘खराब’ म्हणून काढली जाते आणि गॅरेजच्या कोपऱ्यात पडते. ज्याची वस्तू होती त्याच्या हातात त्यातले फार थोडे येते, पुष्कळदा काहीच नाही. जाळी काढण्याचा सल्ला देणाऱ्याला ती विकण्यातही लाभ असेल, तर तो सल्ला दुसऱ्याकडून तपासून घ्यावा एवढे तरी मालकाने करावे.

ही पूड करणाऱ्या आणि डबा कापणाऱ्या हातांबद्दल कुणी बोलत नाही. विटेभोवती, तिला गचके बसू नयेत म्हणून, सिरॅमिकच्या तंतूंची गादी असते. कटर चालला की तंतू आणि भुकटी हवेत उडतात. श्वासात गेली तर फुप्फुसात बसतात. गॅरेजात हे काम करणारे पोरगे सतरा-अठरा वर्षांचे असते, तोंडाला फार तर रुमाल. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच पहिल्या गटात तिने तो धूर घातला. हा धूर सर्वांत जास्त वेळ कोण घेतो? बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून आवाज ऐकणारा मिस्त्री, नाक्यावर उभा पोलीस, आडतीबाहेर कॅरेट उतरवणारा हमाल. आणि वर्षातून काही दिवस, पाइपाच्या मागे चार हातांवर, टाळ वाजवत चालणारा वारकरी. चालताना आणि गाताना माणूस खोल श्वास घेतो. अभंग म्हणणाऱ्या साठीच्या म्हातारीच्या छातीत त्या पिकअपचा धूर किती आत जातो याचा विचार दिंडीच्या गाडीमालकाने करावा असे मला मनापासून वाटते. तो स्वतः माळकरी असतो. आपल्या गाडीने माउलींना त्रास होतो हे त्याला कुणी समजावून सांगितले तर तो ऐकेल, दंडाच्या भीतीपेक्षा जास्त ऐकेल.

समजावून सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते अवघड नाही. गाडी ओढत नसेल तर कटर उचलण्याआधी एअर फिल्टर पाहावा, टर्बोच्या होसमधली गळती पाहावी, नोझल टेस्टवर लावावेत, ऑइल किती किलोमीटरला किती उतरते ते वहीत लिहावे. जाळी खरेच कोंदली आहे का, हे तिच्या अलीकडे प्रेशर गेज लावून कळते. ‘हाताला हवा लागत नाही’ हे निदान पुरेसे नाही. पेट्रोल गाडीत लेझरच्या थर्मामीटरने डब्याच्या आधी आणि नंतर तापमान घेतले तरी बराच उलगडा होतो. रबरी हातोडीने हलकेच ठोकले आणि आत खडखड वाजले तर वीट फुटली आहे. मूळ दोष काढून मग जाळी बदलली तर ती टिकते. दोष तसाच ठेवून नवी बसवली तर तीही कोंदते आणि ‘बघा, म्हटलं नव्हतं’ म्हणायला मिस्त्री मोकळा.

सरकारच्या बाजूने दोन गोष्टी हव्यात. डिझेलच्या पीयूसीत निदान कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजायला हवेत, आणि फिटनेसला येणाऱ्या व्यापारी गाडीखाली जाळी जागेवर आहे की नाही याची वेगळी नोंद व्हायला हवी. आठ वर्षांपर्यंतच्या व्यापारी गाडीला दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावाच लागतो. गाडी तपासणीच्या खड्ड्यावर आलेलीच असते. आणि नव्या जाळीची किंमत लहान मालकाला झेपत नसेल, तर स्क्रॅपेजसाठी सवलती देणाऱ्या व्यवस्थेने दुरुस्तीसाठीही हात पुढे करावा. दहा वर्षांची पिकअप मोडीत काढा असे सांगणे सोपे आहे. तिच्यावर जेवणाऱ्या घराला ते ऐकवणे सोपे नाही.

ज्यांनी जाळी आधीच काढली आहे आणि जुना डबा घराच्या पत्र्यामागे किंवा गॅरेजात अजून पडून आहे, त्यांनी कार्तिकीच्या आधी एक करावे. डबा उचलून एका तोंडाला टॉर्च धरावा आणि दुसऱ्या तोंडातून पाहावे. उजेड सगळ्या नळ्यांतून सारखा दिसला, वीट हलत नसली, कडेची गादी सुटलेली नसली, तर ती जाळी कोंदलेलीच नव्हती आणि दोष दुसरीकडे होता. धातू अजून किती जिवंत आहे हे टॉर्चने कळत नाही, ते गाडीवर बसवून धूर मोजल्यावरच कळेल. पण अशी जाळी सरळ पाइप काढून दोन फ्लँज आणि नवी गॅस्केट घालून परत बसते. फ्लँजवर बसवावी, वेल्ड करून टाकू नये, म्हणजे पुढच्या वेळी शंका आली तर कटर लागणार नाही. बोल्ट खोलून पाहता येईल.